नवख्या कॉलेज टीमचे टर्नओव्हर: तपासायला कुठून सुरुवात करायची

हे टिपण मराठवाड्यातल्या एका नेहमीच्या बास्केटबॉल टीमसाठी आहे. बारापैकी सात-आठ पोरं पहिल्या-दुसऱ्या वर्षाची, सराव सिमेंटच्या उघड्या कोर्टवर, आणि क्रीडा संचालक सरांच्या गळ्यात बास्केटबॉलसोबत कबड्डी, खो-खो आणि ॲथलेटिक्सही. विद्यापीठ संभाजीनगरचं असो की नांदेडचं, हंगाम सुरू झाला की तक्रार तीच येते, टर्नओव्हरची, म्हणजे शॉट न घेताच बॉल गमावण्याची. शूटिंग बरं आहे, उंचीही आहे, पण शॉट घ्यायच्या आधीच बॉल समोरच्याच्या हातात गेलेला असतो.

लक्षणं

खालच्यांपैकी तीन जरी जुळली तरी पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- पहिला क्वार्टर बरोबरीत जातो. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन बचाव) लावली की सलग तीन-चार पझेशन, म्हणजे बॉल आपल्याकडे असण्याच्या पाळ्या, अर्धी रेषाही न ओलांडता जातात.
- गावच्या कोर्टवर कधी न वाजणारी ट्रॅव्हलिंगची (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची) शिट्टी स्पर्धेत वाजतच राहते, आणि पोरांना कळतही नाही की आपण काय केलं.
- बॉल बहुतेक वेळा साइडलाइनजवळ, अर्ध्या रेषेपलीकडच्या कोपऱ्यात जातो.
- खेळाडू आधी उडी मारतो आणि हवेत असताना पास कुणाला द्यायचा ते शोधतो.
- उंच पोरगं रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) छान घेतं, बॉल कमरेपर्यंत खाली आणतं आणि खालून कुणीतरी बुटका गार्ड तो काढून घेतो.
- ड्रिबल संपला की इतर चौघं मदतीला धावत येतात आणि गर्दीत बॉल जातो.
- कधीकधी उलटंही होतं. चुकीच्या भीतीने बॉल बाहेरच्या बाहेर फिरत राहतो, शॉटसाठी मिळणारे २४ सेकंद संपत येतात आणि शेवटी कुणीतरी कसाही फेकतो.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारं निदान म्हणजे ‘पोरांना डोकं वापरता येत नाही’. हे निदान शेवटी करायचं, सुरुवातीला नाही. ज्याच्या हातातून बॉल गेला त्याच्या आधीचे दोन सेकंद पाहिले तर बहुतेक वेळा दोष दुसरीकडे सापडतो. कधी घेणारा उभा राहिलेला असतो, कधी जागा नसते, कधी पाय चुकलेले असतात, कधी बॉलच निसरडा असतो. त्या पोराला चांगला पर्याय उपलब्धच नव्हता, तर त्याने निवडायचं काय? म्हणून खालचा क्रम सोडू नका. वरच्या गोष्टी फुकटात आणि एका दिवसात होतात, खालच्यांना आठवडे लागतात.

१. कागद आणि पेन

पहिला खर्च दहा रुपयांच्या वहीचा. बेंचवरच्या एका पोराला किंवा पोरीला बसवा आणि प्रत्येक टर्नओव्हरला एक ओळ लिहायला सांगा: क्वार्टर आणि वेळ, खेळाडूचा नंबर, प्रकार, कोर्टवरची जागा. प्रकार सहाच ठेवा: पाय (ट्रॅव्हल, डबल ड्रिबल), झेल सुटला, पास चुकला, ड्रिबल हिसकावला, ऑफेन्सिव्ह फाउल, आणि घड्याळ-रेषा (३, ५, ८, २४ सेकंदांचे नियम, आणि बॅक कोर्ट, म्हणजे अर्धी रेषा ओलांडल्यावर बॉल मागे नेणं). जागेसाठी कोर्टचे सहा चौकोन पाडा, आपल्या अर्ध्यात तीन उभ्या पट्ट्या आणि समोरच्या अर्ध्यात तीन.

याला एक रकाना जोडायचाच: पास निघाला तेव्हा घेणारा काय करत होता? उभा, बॉलकडे येत, की दूर जात? सगळ्या कागदात हाच रकाना सर्वांत बोलका निघतो.

ज्या टर्नओव्हरवर खेळ थांबला नाही, म्हणजे बॉल थेट समोरच्याच्या हातात गेला, त्याभोवती गोल करा. हे महाग पडतात, कारण पुढच्या चार सेकंदांत तुमच्या रिंगवर मोकळा लेअप (रिंगजवळून सोपा शॉट) होतो. बॉल बाहेर गेला किंवा ट्रॅव्हल झाला तर निदान बचावाला परत यायला वेळ मिळतो. दोन्ही एकाच रांगेत मोजले तर खरं दुखणं झाकलं जातं.

नुसत्या आकड्यावरही जाऊ नका, कारण वेगाने खेळणाऱ्या टीमचे टर्नओव्हर जास्त दिसणारच. पझेशनचा अंदाज असा काढतात: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर, वजा स्वतःच्या आक्रमणातले रिबाउंड. समजा ५८ शॉट, १४ फ्री थ्रो, २६ टर्नओव्हर आणि ११ आक्रमक रिबाउंड आहेत. पझेशन साधारण ७९ येतात. म्हणजे तीनातलं एक पझेशन शॉटविना गेलं. एनबीएत हे प्रमाण साधारण सातात एक असतं. नवख्या टीमने आधी चारात एक गाठावं, मग पाचात एक. शून्याच्या मागे लागू नका. ज्या टीमचा बॉल कधीच जात नाही ती बहुधा आत पासच देत नसते.

दोन सामने आणि एक सरावसामना एवढ्या नोंदी झाल्या की थांबा आणि बघा. कुठल्या तरी एका प्रकारात ढीग साचलेला दिसेल. पुढच्या तपासण्यांत त्या ढिगाला जास्त वेळ द्या.

२. बॉल, फरशी, ऊन

हे तपासायला अर्धा तास लागतो, आणि नेमकं हेच राहून जातं.

मुलांचा बॉल ७ नंबरचा, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. मुलींचा ६ नंबरचा, ५१० ते ५५० ग्रॅम. कॉलेजात बॉलचा एकच संच असतो, तो ७ नंबरचा असतो आणि मुलीही त्यावरच सराव करतात. मग सामन्यात बॉल हलका आणि लहान लागतो, पास लांब जातात, ड्रिबल उंच उसळतो. मुलींच्या टीमसाठी ६ नंबरचे चार बॉल वेगळे घ्या. या टिपणात पैसे खर्च करायला सांगणारी मुख्य जागा हीच.

हवा तपासायची सोपी रीत: बॉलचा तळ जमिनीपासून १.८ मीटरवर धरा आणि सोडा. उसळल्यावर बॉलचा माथा साधारण १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवा. गेज असेल तर व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा पाहा, बहुतेक बॉलवर ७ ते ९ पौंड असतो. दुपारी उन्हात भरलेली हवा सकाळी सहाला कमी भासते, त्यामुळे हवा सरावाच्या वेळीच तपासा.

सिमेंट कोर्टवर बारीक धूळ बसते. घासून गुळगुळीत झालेला रबरी बॉल आणि त्यावर धूळ, मग झेल हातातून सटकणारच. सरावाआधी झाडू, दर पंधरा मिनिटांनी बॉलला ओलं फडकं, आणि साइडलाइनला एक ओलं पोतं बूट पुसायला. बुटाच्या तळव्याची नक्षी उडाली असेल तर पोरगं थांबायच्या वेळी अर्धा पाऊल घसरतं, आणि तेच अर्धं पाऊल पंच ट्रॅव्हल म्हणून धरतात.

कोर्टच्या रिंगा पूर्व-पश्चिम असतील तर संध्याकाळी पाचला पश्चिमेकडे खेळणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य येतो. तेव्हाचे सुटलेले झेल खेळाडूच्या नावावर लिहू नका. पासिंगचा सराव त्या वेळी आडवा, साइडलाइन ते साइडलाइन घ्या.

३. पाय

कागदावर ‘पाय’ या रकान्यात ढीग असेल तर खूश व्हा, हे सर्वांत लवकर सुटतं.

आधी बघा, पोरं कुठल्या खेळातून आली आहेत. हँडबॉलमध्ये बॉल हातात घेऊन तीन पावलं चालतात आणि तीन सेकंद धरता येतो. तिथून आलेल्या पोराच्या पायात तीच लय असते. व्हॉलीबॉलवाल्याला बॉल दिसला की उडी मारायची सवय. कबड्डीतून आलेलं पोरगं खाली वाकून बचाव उत्तम करतं, पण बॉल हातात आला की त्याचे पाय थांबत नाहीत. ओरडून ही सवय जात नाही, कारण त्याला ती चूक वाटतच नाही.

नियम नीट समजावून सांगा. धावताना बॉल हातात आला तर ज्या पायावर तो ताब्यात आला ते पाऊल मोजत नाहीत, त्यानंतर दोन पावलं मिळतात. फिबाने (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१७ पासून हे स्पष्ट केलं आहे. पण उभ्या जागेवरून ड्रिबल सुरू करताना पिव्हटचा (वळताना जमिनीवर रोवून ठेवायचा) पाय उचलण्याआधी बॉल हातातून सुटलेला असला पाहिजे. कॉलेजच्या पोरांचे बहुतेक ट्रॅव्हल या दुसऱ्या जागी होतात. झेल घेतला, फेक दाखवली, आणि बॉल सोडायच्या आधीच मागचा पाय उचलला.

उपाय: रोज दहा मिनिटं, दोन-दोनच्या जोड्या. बॉलकडे दोन पावलं येत झेल, दोन्ही पाय एकदम टेकवून थांबा, उजवा पिव्हट, डावा पिव्हट, मग ड्रिबलचा पहिला टप्पा पुढच्या पायाच्याही पुढे. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. घाई नको, पाय चुकला की ती खेप मोजायची नाही.

जिल्हा संघटनेचे नोंदणीकृत पंच असतील तर त्यांना एका सरावसामन्याला बोलवा आणि एकच विनंती करा: सगळं कडक वाजवा. गावच्या कोर्टवर शिट्टी आपणच वाजवतो आणि आपल्याच पोरांना सूट देतो. ती सूट स्पर्धेत महागात पडते.

४. झेल आणि पास

आता तो ‘उभा, येत, दूर’ रकाना काढा. ‘उभा’ जास्त असेल तर दोष पास देणाऱ्याचा नाही. पास हवेत असताना बचाव करणारा दीड-दोन मीटर सरकतो. घेणारा जागेवर उभा राहून वाट बघत असेल तर मधला बॉल त्याचाच. नियम एक: बॉल हातात येईपर्यंत बॉलकडे चालत राहायचं. पंजे छातीसमोर उघडे, दहाही बोटं दिसली पाहिजेत. बोटं दिसत नसतील तर पास द्यायचा नाही, असं देणाऱ्यालाही सांगा.

पासबद्दल थोडक्यात. बाऊन्स पास अंतराच्या दोन तृतीयांशावर आपटायचा. मध्ये आपटला तर तो मंद होऊन कमरेपर्यंत चढतो आणि वाटेत हात लागतो. ओव्हरहेड पास करताना बॉल डोक्यामागे नेऊ नका, कपाळावरूनच सोडा. पुढे धावणाऱ्याला पास त्याच्या हाताच्या पुढे द्या, पाठीवर नको. आणि कोर्टच्या रुंदीभर, एका साइडलाइनपासून दुसऱ्या साइडलाइनपर्यंतचा हवेतला लांब पास पूर्ण बंद. १५ मीटर बॉल हवेत राहिला की कुणीही मध्ये येतो, आणि तो सुटला की समोर कुणी नसतं.

रिबाउंडनंतर बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर, आणि वळायचं ते बाहेरच्या बाजूला. कमरेपर्यंत बॉल आणणाऱ्या उंच पोराला रोज दहा रिबाउंड घ्यायला लावा आणि दोन बुटक्या गार्डांना त्याच्या हातावर थापा मारू द्या. आठवड्यात हात वर राहायला लागतात.

५. जागा

बॉलवाला अडकला की नवखी टीम मदतीला त्याच्याकडे धावते. एस.टी. फलाटाला लागल्यावर सगळे एकाच दाराशी जमतात, तसं. प्रत्येक मदतनीस आपल्यासोबत आपला बचाव करणाराही घेऊन येतो, त्यामुळे एकावर दोन होते ते चारावर पाच होतात.

खडू घ्या. तीन पॉइंटच्या रेषेबाहेर अर्धा मीटरवर पाच गोल काढा: एक समोर, दोन कोनांवर, दोन कोपऱ्यांत. दोन शेजारच्या गोलांमध्ये पाच-साडेपाच मीटर अंतर पडेल, आणि तेवढं हवंच, कारण एका बचावकर्त्याला दोघांवर लक्ष ठेवता येऊ नये. कोपऱ्यात साइडलाइन आणि रेषा यांच्यात ९० सेंटिमीटरच जागा असते, तिथला गोल रेषेला चिकटूनच काढा. नियम सोपा: पास दिला की रिंगकडे कट मारायचा, रिकाम्या गोलात बाहेर निघायचं, आणि शेजारच्यांनी एकेक गोल सरकायचं. ड्रिबल तुमच्या दिशेने येत असेल तर तुम्ही जागा सोडायची.

पहिले आठ-दहा दिवस ड्रिबल बंद करून तीनास तीन खेळवा. ड्रिबल नसला की बॉलशिवाय हलावंच लागतं. मग एक ड्रिबल, मग दोन. आणि शॉट क्लॉक लावा. बहुतेक कॉलेजच्या कोर्टवर घड्याळ नसतं, पोरं २४ सेकंद कधी अनुभवतच नाहीत. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक मोठ्या आवाजाचं पोरगं पुरतं. दहा, पाच, चार, तीन असं ओरडायचं. आक्रमक रिबाउंडनंतर १४ पासून मोजायचं.

६. प्रेस

सामने हरवणारी जागा हीच, म्हणून इथे घाई करू नका.

समोरची टीम प्रेस लावते ती तुमच्या घाबरण्यावर. तिला हवं असतं की तुम्ही ड्रिबल करत साइडलाइनला यावं, तिथे दोघं येऊन दार लावावं, आणि तुम्ही डोळे मिटून उंच फेकावं. यातला एकेक टप्पा तोडायचा.

थ्रो-इन. समोरच्याने बास्केट केल्यावर बेसलाइनवरून बॉल आत देणाऱ्याला रेषेबाहेर हवं तेवढं धावता येतं, आणि रेषेबाहेर उभ्या असलेल्या साथीदाराला पासही देता येतो. पोरांना हे बहुधा माहीतच नसतं. इतर वेळी मात्र बाजूला एकूण एक मीटरच सरकता येतं, मागे हवं तेवढं. दोन्ही वेळा पाच सेकंद. रिंगच्या थेट मागे उभं राहू नका, उंच पास बोर्डाच्या मागच्या बाजूला लागतो. दोन-तीन पावलं बाजूला व्हा.

रचना. बॉलवाल्याला नेहमी तीन पास हवेत: एक साइडलाइनने पुढे, एक मधोमध, एक स्वतःच्या मागे. पाचवा समोरच्या रिंगजवळ, म्हणजे त्यांचा एक माणूस मागे अडकून राहतो. मधल्या जागेवर टीममधला सर्वांत शांत पोरगा ठेवा, सर्वांत वेगवान नाही. त्याने झेल घ्यायचा, वळून रिंगकडे तोंड करायचं आणि मगच ठरवायचं. न वळता दिलेला पास हा प्रेसमधला सर्वांत नेहमीचा टर्नओव्हर. बॉल मध्ये गेला की पुढचा पास ज्या बाजूने बॉल आला तिच्या विरुद्ध बाजूला. प्रेस करणारे बॉलच्या बाजूला सरकलेले असतात, दुसरी बाजू मोकळी असते.

अर्ध्या रेषेपलीकडचा कोपरा. बॉल आठ सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो, त्या भीतीने पोरं रेषा ओलांडतात आणि लगेच कोपऱ्यात थांबतात. आगीतून फुफाट्यात. साइडलाइन, अर्धी रेषा आणि दोन बचावकर्ते अशा चार भिंती, आणि मागे पास दिला तर बॅक कोर्ट. म्हणून रेषा ओलांडायची तर मधून आणि वेगाने, थांबायचं ते तीन पॉइंटच्या रेषेजवळ. ड्रिबल करत ओलांडताना दोन्ही पाय आणि बॉल तिन्ही पलीकडे टेकेपर्यंत बॉल बॅक कोर्टमध्येच धरतात. आठ सेकंदांचा हिशोब शॉट क्लॉकवरून सोपा आहे. २४ वरून सुरू झालेलं घड्याळ १६ ला आलं की वेळ संपली. आठ सेकंद पोरांना वाटतात त्यापेक्षा खूप असतात. कोर्टवर उभं करून मोजून दाखवा.

दोघं अंगावर आलेच तर त्यांच्या मधून घुसायचं नाही. दोन ड्रिबल मागे घ्या, ते सैल पडतात. ड्रिबल संपलेला असेल तर बॉल एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरवा, पिव्हट करून एक पाऊल दोघांच्या बाहेरून टाका, आणि वरचा पास दाखवून खालून द्या. एक मीटरच्या आत कुणी बचाव करत असेल तर बॉल धरून ठेवायला पाचच सेकंद मिळतात, हेही लक्षात असू द्या. अगदीच मार्ग नसेल तर बॉल समोरच्याच्या पायावर मारून बाहेर घालवायचा. उंच आंधळा पास हा पर्याय नाही.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत स्वतःच्या अर्ध्यात बॉल मिळालेला असताना टाइम-आउट घेतला तर प्रशिक्षक थ्रो-इन समोरच्या अर्ध्यातून मागू शकतो. घड्याळ २४ ऐवजी १४ वर येतं, पण प्रेस पूर्ण टळते. दोन टाइम-आउट यासाठी राखून ठेवा.

सराव: पाच जणांसमोर सात जण प्रेसला लावा. सातांपुढे सहा-सात वेळा रेषा ओलांडता आली की सामन्यातले पाच कमी वाटतात. सुरुवातीला सातांना बॉल हिसकावण्याची मनाई करा, फक्त पास अडवू द्या. दोन दिवसांनी मनाई काढा.

७. आता निर्णय

वरचं सगळं ठीक असूनही बॉल जातोय, तर आता डोक्याचा विचार करायचा.

नवख्या खेळाडूला पर्याय कमी द्या. दहा प्ले (ठरलेल्या चाली) पाठ करून घेतलेली टीम सामन्यात अकरावाच खेळते. दोन पुरेत: मॅन टू मॅन (माणसामागे माणूस) बचावाला वरची पाच गोलांची हालचाल, आणि झोन (जागा वाटून केलेल्या) बचावाला एक. प्रत्येक जागेवर झेल घेताना क्रम ठरलेला हवा: शॉट मोकळा आहे का, आत पास आहे का, नाहीतर शेजारी पास. ड्रिबल सर्वांत शेवटी, आणि रिंगकडे जायचं असेल तरच. बॉल हाती येताच उगाच एक टप्पा मारायची सवय बऱ्याच पोरांना असते. त्या एका टप्प्यात मोकळा साथीदार झाकला जातो.

निर्णय झेल घेण्याआधी सुरू व्हायला हवा. यासाठी घेणाऱ्याच्या मागे एक जण उभा करा. पास हवेत असताना तो बोटं दाखवेल. घेणाऱ्याने बॉल येण्याआधी मान वळवून आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी झेल सुटतील, सुटू द्या.

फास्ट ब्रेकचे टर्नओव्हर वेगळे मोजा. दोनास एक असताना दोघांमध्ये पाच मीटर अंतर ठेवायचं. बॉलवाल्याने रिंगकडे हल्ला करत राहायचं आणि बचावकर्ता त्याच्यावर आला तरच पास, तोही बाऊन्स. बचावकर्ता आलाच नाही तर लेअप. पोरं बहुधा पास फार लवकर देतात, तेव्हा बचावकर्त्याला ठरवायला वेळ मिळतो. तिनास दोन असताना मधल्याने फ्री थ्रो रेषेवर थांबायचं, त्याच्या पुढे घुसलं की गर्दी होते आणि चार्ज (बचावकर्त्याला धडकल्याचा फाउल) वाजतो. मागून तीन जण पोचले असतील तर ब्रेक संपला, बॉल बाहेर काढा. हे ‘संपला’ ओळखणं सगळ्यात उशिरा येतं.

सरावसामन्यात गुण बदला: बॉल हातात गेला तर वजा दोन, बाहेर गेला तर वजा एक, पण २४ सेकंद संपले तरी वजा दोन. तिसरा नियम ठेवला नाही तर पोरं बॉल लपवायला शिकतात. टर्नओव्हरला कोर्टभोवती पळायची शिक्षा माझ्या मते नुकसानच करते. ज्याला पळायचं नाही तो बॉलच मागत नाही.

शेवटी बेंचकडे बघा. सामन्यात ‘पास दे, पास दे, अरे मार!’ असा ओरडा चालू असेल तर निर्णय पोरगं घेतच नाही, सर घेतायत, आणि तेही अर्धा सेकंद उशिरा. एक सरावसामना पूर्ण गप्प बसून काढा. चूक झाल्यावर एकच प्रश्न: काय दिसलं होतं? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर जागेच्या तपासणीकडे परत जा. ‘मोकळा होता पण बॉल पोचला नाही’ असं आलं तर पासकडे. वहीत बहुतेक टर्नओव्हर क्वार्टरच्या शेवटच्या तीन मिनिटांत असतील तर दोष दमाचा आहे. बदली लवकर करा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सामना असेल तर प्रत्येक थांब्याला पाणी द्या.

कुठे थांबायचं

काही गोष्टी कोर्टवर सुटत नाहीत. तिथे ड्रिल वाढवणं म्हणजे पोराचं नुकसान.

एकाच बाजूचे झेल सुटतात, संध्याकाळी जास्त सुटतात, किंवा समोरच्या स्कोअरबोर्डवरचा आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागतात: नेत्रतपासणी. नंबर असूनही चष्मा खोलीवर ठेवून खेळायला येणारी पोरं कमी नाहीत.

लवकर धाप लागते, चेहरा फिका, उत्तरार्धात पाय जड, सरावात सतत झोप: हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील. गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते.

बोटाला बॉल लागून शेवटचं पेर सरळ होत नाही, खाली लोंबतं: ओढून बसवायचं नाही. एक्स-रे काढा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागल्यावर पोरगं गोंधळलं, उलटी झाली, डोकं दुखू लागलं किंवा त्याला चाल आठवेना, तर त्या दिवशी खेळ बंद आणि लगेच दवाखाना. ‘जरा बस, मग उतर’ हे इथे चालत नाही.

एखादा खेळाडू सरावात नीट आणि सामन्यात थिजतो, जेवण-झोप बिघडली आहे, कॉलेजला यायचं टाळतो: विषय टर्नओव्हरचा राहिलेला नाही. समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा.

आणि पहिल्या सहा तपासण्या महिनाभर मनापासून करूनही प्रमाण तीनातल्या एकाच्या खाली येत नसेल, तर बाहेरचा प्रशिक्षक आणा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात किंवा संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात विचारणा करता येते. त्यांना ‘पोरांना सुधारा’ असं सांगू नका. दोन सामन्यांच्या नोंदींची वही द्या, गॅलरीतून पूर्ण कोर्ट दिसेल असा एका सामन्याचा मोबाइल व्हिडिओ द्या, आणि सर्वांत मोठा ढीग कुठल्या रकान्यात आहे तेवढंच दाखवा. दोन दिवसांच्या भेटीत एवढं एकच काम नीट होतं.